घरच्या घरी क्लच ऑइल बदलणे : जुगाड कुठे चालतो आणि कुठे चालत नाही

मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो, तेव्हा गाडीच्या कूलंटची, टायरमधल्या हवेची आणि एसीच्या गॅसची चौकशी सगळेच करतात. क्लचच्या ऑइलची मात्र कोणी करत नाही. मीही कधी केली नव्हती. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना मालट्रकांच्या लांबलचक रांगेमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ रखडल्यावर माझ्या गाडीचे क्लच पेडल हळूहळू सैल होत गेले आणि एका वळणावर तळाशी जाऊन तिथेच राहिले. गाडी कशीबशी कडेला घेतली. तासाभराने इंजिन निवले, तेव्हा काहीही दुरुस्त न करता तेच पेडल पुन्हा नीट काम करू लागले. आपोआप बरा होणारा हा आजार काय असावा, याचा शोध घेताना कळले, की गाडी घेतल्यापासून क्लचच्या नळीतला द्रव एकदाही बदललेला नव्हता.

हे काम घरच्या अंगणात, सकाळच्या दोन तासांत आणि बहुतांशी घरात किंवा बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर होऊ शकते. त्यात जुगाडाला भरपूर वाव आहे. पण तीन गोष्टींत तो अजिबात चालत नाही. बोनेटखालच्या छोट्या टाकीत ओतायचा द्रव, त्या द्रवाला लागणाऱ्या प्रत्येक वस्तूची स्वच्छता आणि गाडी वर उचलावी लागल्यास तिच्याखालचा आधार, या त्या तीन गोष्टी होत.

आधी आपल्या गाडीला हे काम लागू आहे का, ते पाहावे. मारुती ८००, अल्टो यांसारख्या लहान गाड्यांत क्लच पोलादी केबलने ओढला जातो. तिथे ऑइलच नसते आणि पेडल जड झाले तर केबलकडे पाहावे लागते. स्कॉर्पिओ, इनोव्हा अशा गाड्यांत मात्र क्लच हायड्रॉलिक असतो. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे, हे सोबत मिळालेल्या पुस्तिकेत दिलेले असते. पुस्तिका हरवली असेल, तर बोनेट उघडून गिअरबॉक्सकडे काय गेले आहे ते पाहावे. लवचीक वेष्टनातली केबल आणि धातूची किंवा प्लास्टिकची बारीक नळी यांतला फरक नवख्यालाही ओळखता येतो.

नळीत नेमके काय घडते

क्लच पेडल दाबले, की त्याची दांडी मास्टर सिलेंडरमधला पिस्टन पुढे ढकलते. तिथला द्रव नळीतून गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरकडे जातो आणि त्याचा पिस्टन क्लचची यंत्रणा दाबून इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तोडतो. हे सारे चालते ते द्रव दाबला जात नाही या एकाच गुणावर. नळीत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला, की पायाचा जोर तो बुडबुडा आवळण्यातच खर्च होतो, स्लेव्ह सिलेंडर पुरेसा सरकत नाही आणि गिअर करकरू लागतात. रिव्हर्स गिअर सगळ्यांत आधी तक्रार करतो.

बोलताना आपण या द्रवाला क्लच ऑइल किंवा ब्रेक ऑइल म्हणतो, आणि या लेखातही मी तसेच म्हणणार आहे, कारण दुकानात तोच शब्द चालतो. परंतु ते तेल नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ या दर्जाचा, ग्लायकॉल वर्गातल्या रसायनांपासून बनवलेला द्रव असतो. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो. पाणी न शिरलेल्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा किमान २३० अंश असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले, की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंशांवर येते. पावसाळ्याचे चार महिने ओलावा पिऊन बसलेले ऑइल उन्हाळ्यात इंजिनच्या धगीजवळ घाटभर तापत राहिले, की पेडल सैल पडते आणि निवल्यावर पुन्हा ताळ्यावर येते, ते यामुळेच. शिवाय आत शिरलेले पाणी सिलेंडरच्या भिंतीला गंज चढवते आणि त्या खडबडीत भिंतीवर घासून रबरी सील झिजतात.

इंजिन ऑइलप्रमाणे हे ऑइल फिरत नाही. टाकीतले टाकीजवळ आणि स्लेव्हमधले स्लेव्हजवळ राहते, थोडेसे पुढेमागे होते इतकेच. म्हणून टाकीतले काळे ऑइल पिचकारीने ओढून वर नवे भरणे, ही काही ठिकाणी ‘ऑइल बदलले’ म्हणून खपवली जाणारी पद्धत निरुपयोगी आहे. सर्वांत खराब झालेला द्रव खालच्या टोकाला, सर्वांत उष्ण जागी असतो आणि तो तिथूनच बाहेर काढावा लागतो. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदल सुचवतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मुदत असेल, तर ती मानावी.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गैरसमज दूर केलेले बरे. ऍक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, असा त्रास असेल, तर क्लच प्लेट संपत आली आहे आणि ऑइल बदलून तिच्यात काही फरक पडणार नाही. दुसरे असे, की टाकीतली पातळी वारंवार उतरत असेल, तर कुठेतरी गळती आहे. पेडलच्या वर, जिथे दांडी सिलेंडरमध्ये शिरते तिथे बोट फिरवून पाहावे आणि स्लेव्हचे रबरी बूट, म्हणजे त्याच्या टोकावरचे आवरण, ओले आहे का तेही पाहावे. ओल असेल, तर आधी सील किट किंवा पूर्ण सिलेंडर बदलावा लागेल. नुसते नवे ऑइल ओतले तर तेही गळून जाईल.

सामान

पहिली वस्तू म्हणजे ऑइल. टाकीच्या झाकणावर दर्जा छापलेला असतो, तोच घ्यावा. डॉट ३ सांगितले असताना डॉट ४ भरलेले साधारणपणे चालते, उलट करू नये. डॉट ५.१ हे ग्लायकॉलचेच असते, पण नुसते डॉट ५ हे सिलिकॉनचे असते आणि ते आपल्या नळीत कदापि घालू नये. आकड्यांच्या या साम्याने भलेभले फसतात. काही मोजक्या परदेशी गाड्यांच्या क्लचमध्ये खनिज तेल असते आणि त्यांच्या झाकणावर तसा उल्लेख असतो. त्या गाड्यांना या लेखातले ऑइल लागू नाही. क्लचला स्वतःला फार द्रव लागत नाही, तरी धुऊन काढण्यासाठी अर्धा लिटरचा सीलबंद डबा हाताशी असावा. मागच्या वर्षी फोडून कपाटात ठेवलेला डबा वापरू नये, कारण तो तेव्हापासून हवेतले पाणी पीत बसलेला असतो.

दुसरी वस्तू म्हणजे पारदर्शक नळी, आणि इथे जुगाड खुशाल करावा. गवंडी पातळी काढण्यासाठी पाणी भरून वापरतात ती लेव्हलची नळी हार्डवेअरच्या दुकानात हातावर मोजून मिळते. तिच्यातली सर्वांत बारीक घ्यावी. ती निप्पलवर, म्हणजे जुने ऑइल बाहेर काढण्यासाठी स्लेव्ह सिलेंडरला असलेल्या पोकळ स्क्रूवर, सैल बसत असेल, तर मत्स्यटाकीच्या पंपाची नळी किंवा औषधाच्या दुकानातली कोरी सलाईनची नळी वापरावी. शेतातल्या ठिबकची बारीक नळी आपल्याकडे घरोघरी पडलेली असते, पण ती काळी असते. बुडबुडे दिसावेत यासाठीच तर नळी हवी आहे. नळी इतकी घट्ट बसावी, की ती चढवताना थोडा जोर लावावा लागेल. जड जात असेल, तर तिचे टोक क्षणभर गरम पाण्यात धरावे आणि आतून पूर्ण कोरडे करून मगच चढवावे.

तिसरी वस्तू म्हणजे प्लास्टिकची रिकामी बाटली. तिच्या झाकणाला दोन छिद्रे पाडावीत. एकातून नळी तळापर्यंत जाईल आणि दुसरे हवेसाठी मोकळे राहील. बाटलीच्या मानेला तार बांधून ती बोनेटखाली टांगता येईल अशी सोय करावी. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहावे, आणि हे अंधश्रद्धेने नव्हे तर अनुभवाने सांगतो. जुने ऑइल कोऱ्या चहासारखे दिसते, अंगणात मुले असतात आणि पाण्याच्या बाटलीला तोंड लावताना कोणी विचार करत नाही. माझ्याकडे एका पाहुण्याने ती उचललीच होती.

याखेरीज टाकीतले ऑइल ओढण्यासाठी औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सुईविरहित नवी सिरिंज, निप्पलच्या मापाचा रिंग पाना, डोळ्यांना चष्मा, हातमोजे आणि बादलीभर पाणी लागते. निप्पलचे माप गाडीगणिक वेगळे असते. ८, १० आणि ११ मिलिमीटरचे पाने जवळ असले, की बहुतेक वेळा निभावते. दुतोंडी उघडा पाना शक्यतो टाळावा, कारण गंजलेल्या निप्पलच्या कडा तो गोल करून ठेवतो आणि मग दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते.

पुसण्यासाठी घट्ट विणीचे, धुतलेले आणि वाळलेले फडके घ्यावे. कापसाच्या मुलखात राहूनही इथे कापूस वर्ज्य आहे. सुटा बोळा टाकीत फिरवला, की तंतू मागे राहतात आणि ते बारीक छिद्रांत जाऊन अडकतात. त्याचप्रमाणे ज्या डब्याला, नरसाळ्याला किंवा फडक्याला कधी डिझेल, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागले असेल, ते या कामापासून लांब ठेवावे. खनिज तेलाचा थोडासा अंशही या यंत्रणेतले रबर फुगवतो आणि मग मास्टरपासून स्लेव्हपर्यंतचे प्रत्येक सील बदलण्याची पाळी येते. शेतकऱ्याच्या घरी पाठीवरचा फवारणी पंप असतोच, आणि त्याच्या हवेच्या दाबाने ऑइल ढकलावे असा विचार हमखास सुचतो. तो मनातून काढून टाकावा. पंपात औषधाचे आणि पाण्याचे अंश असतात, आणि दाब थोडा जास्त झाला तर टाकीची जोडणी सुटून सगळे ऑइल बोनेटखाली उडते.

निप्पल शोधणे आणि जागा तयार करणे

ज्या दिवशी पाऊस किंवा दमट हवा असेल, त्या दिवशी डबा उघडू नये. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस मला सर्वांत सोयीचे वाटतात. उन्हाळ्यातच करायचे असेल, तर दिवस उगवण्यापूर्वी, रात्रभर निवलेल्या इंजिनवर करावे.

गाडी सपाट जागेवर उभी करावी, किल्ली काढून घ्यावी, गिअर न्यूट्रलला ठेवावा, हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. पुष्कळ गाड्यांत स्लेव्ह सिलेंडर गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला असतो आणि एअर फिल्टरचा डबा काढला, की वरूनच हात पोहोचतो. तसे असेल तर गाडी उचलायचे कारणच नाही. खालून जावे लागणार असेल, तर जॅकने उचलून नीट वजन पेलणाऱ्या जॅक स्टँडवर गाडी टेकवावी आणि मगच खाली जावे. विटांचा थर, सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली सरकू नये. वीट वजनाखाली न वाकता एकदम फुटते.

टाकीपासून निघालेल्या नळीचा माग काढत गेले, की शेवटी स्लेव्ह सिलेंडर सापडतो आणि त्यावर रबरी टोपी घातलेले निप्पल दिसते. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तेव्हा निप्पल बाहेर आलेल्या जोडणीवर असते. त्यांतल्या काहींत स्क्रूऐवजी तारेची क्लिप असते. ती दाबून प्लास्टिकची नळी पहिल्या खाचेपर्यंत बाहेर ओढली, की वाट उघडते. पूर्ण ओढली तर नळी हातात येते, म्हणून तिथे घाई करू नये.

निप्पलभोवतीची माती ब्रशने झाडावी. ते गंजलेले असेल, तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा आणि सकाळी तो पूर्ण पुसून काढावा. पान्याने एकदम झटका देण्यापेक्षा किंचित आवळून मग सोडवण्याचा प्रयत्न करावा. एवढे करूनही हलत नसेल, तर तिथेच थांबून गाडी गॅरेजमध्ये न्यावी, कारण मोडलेले निप्पल काढणे हे घरचे काम नाही.

टाकीच्या आसपासच्या रंगावर ओले फडके अंथरावे. हे ऑइल रंग खाते. थेंब पडलाच, तर घासू नये; लगेच भरपूर पाणी ओतावे, कारण ते पाण्यात मिसळून वाहून जाते. डोळ्यात उडाले, तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे.

प्रत्यक्ष काम

सुरुवात टाकीपासून करावी. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसावी, मग झाकण उघडून सिरिंजने जुने ऑइल ओढून घ्यावे. तळ पूर्ण कोरडा करू नये. तोंडाशी जाळी असेल, तर ती ढकलून फाडू नये. तळाशी काळा गाळ दिसला, तर फडक्याने टिपून घ्यावा आणि मग नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे. अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची टाकी एकच असते आणि क्लचची नळी टाकीच्या बाजूला, तळापासून थोडी उंचावर निघते, म्हणजे क्लचचे ऑइल गळाले तरी ब्रेकपुरता साठा शिल्लक राहतो. ही रचना चांगली आहे, पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यावा लागतो. टाकीत अजून ऑइल दिसत असतानाच क्लचच्या तोंडाशी हवा पोहोचलेली असू शकते. म्हणून पातळी अर्ध्याखाली कधीच जाऊ देऊ नये. पहिल्या प्रयत्नात गप्पांच्या नादात माझी टाकी रिकामी झाली आणि नळीत वरपासून हवा भरली. ती काढण्यात गेलेला वेळ मूळ कामापेक्षा जास्त होता.

आता निप्पलची टोपी काढून आधी रिंग पाना चढवावा आणि त्यानंतर नळी, कारण नळी आधी चढवली तर पाना घालता येत नाही. नळीचे दुसरे टोक बाटलीत तळापर्यंत सोडावे आणि ते बुडेल इतके नवे ऑइल बाटलीत आधीच घालून ठेवावे. बाटली शक्यतो निप्पलच्या वरच्या पातळीवर टांगावी. त्यामुळे नळी निप्पलपासून चढत जाते, बुडबुडे वर निघून जातात आणि निप्पलच्या तोंडाशी नेहमी द्रव राहतो.

दोन माणसे असतील, तर एकाने पेडलवर बसावे आणि दुसऱ्याने पान्यावर. पेडलवरच्याने पेडल सावकाश तळापर्यंत दाबून धरावे आणि धरले आहे असे सांगावे. पान्यावरच्याने निप्पल अर्धा फेरा उघडावे, ऑइलची धार थांबेपर्यंत पाहावे, निप्पल बंद करावे आणि मगच सोडायला सांगावे. निप्पल बंद होण्यापूर्वी पेडल वर आले, तर बाहेरची हवा आत ओढली जाते. या कामातल्या निम्म्या चुका याच एका क्षणी होतात. म्हणून शब्द आधीच ठरवून घ्यावेत आणि प्रत्येक शब्दाला समोरच्याने उत्तर द्यावे. आमच्या अंगणात ‘दाब’, ‘धरी ठेव’, ‘सोड’ एवढी तीनच अहिराणी पदे चालतात, आणि पेडलवर बसलेल्याने त्याखेरीज दुसरे काही ऐकायचे नाही, असा नियम आहे.

मदतीला कोणी नसेल, तर लाकडाची दांडी कामी येते, आणि हा जुगाड मला सर्वांत आवडतो, कारण तो क्लचच्या स्वभावावरच बेतलेला आहे. पेडल तळाशी दाबून दांडीचे एक टोक त्याच्यावर आणि दुसरे सीटच्या लोखंडी चौकटीला टेकवून ते तसेच अडकवून ठेवावे. या स्थितीत क्लचची ताकदवान स्प्रिंग स्लेव्हच्या पिस्टनला मागे रेटत असते. आपण शांतपणे बोनेटकडे जाऊन निप्पल उघडले, की ही स्प्रिंगच जुने ऑइल बाहेर ढकलते. धार थांबली की निप्पल बंद करावे, परत येऊन दांडी काढावी आणि पेडल हाताने सावकाश वर आणावे. त्या वेळी मास्टर सिलेंडर टाकीतले ताजे ऑइल आत घेतो. फेऱ्या जास्त घालाव्या लागतात, पण कोणाच्या चुकीने हवा शिरण्याची भीती राहत नाही. दांडी सीटच्या गादीला टेकवू नये. ती निसटते आणि पेडल उसळते.

एका फेरीत साधारण चमचाभर ऑइल निघते, तेव्हा पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत रंग बदलला नाही म्हणून निराश होऊ नये. दर पाच फेऱ्यांनी टाकी पाहून भरावी, झाकण मधल्या वेळात नुसते टेकवून ठेवावे आणि डब्याचे झाकण मात्र प्रत्येक वेळी फिरवून बंद करावे. कोऱ्या चहासारखे काळे ऑइल आधी मळकट तपकिरी होते, मग त्यात काळे कण दिसतात आणि शेवटी ताज्या शेंगदाणा तेलासारखे स्वच्छ, पिवळसर ऑइल येऊ लागते. काळे कण थोडेच असतील, तर ते सीलच्या नेहमीच्या झिजेचे असतात. रबराचे तुकडेच येऊ लागले, तर सील किट बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. स्वच्छ ऑइल दिसू लागल्यावरही आणखी पाच-सहा फेऱ्या माराव्यात, कारण स्लेव्हच्या कोपऱ्यातला गाळ उशिरा हलतो. साधारणपणे पंचवीस ते तीस फेऱ्यांत काम होते.

पेडल धाडधाड मारू नये. जोरात मारल्याने हवा लवकर निघत नाही, उलट एका मोठ्या बुडबुड्याचा फेस होतो आणि तो फेस नळीत चिकटून बसतो. स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत असलेल्या गाड्यांत तर सावकाशपणा अधिकच पाळावा.

शेवटच्या फेरीत पेडल दाबलेले असतानाच निप्पल बंद करावे आणि आखूड पान्याने, मनगटाच्या जोराने आवळावे. ते पोकळ असते. खांद्याचा जोर लावला तर तुटते. नळी काढून निप्पल पाण्याने धुऊन पुसावे आणि रबरी टोपी न विसरता परत बसवावी, कारण ती नसेल, तर धूळ आणि पाणी निप्पलच्या छिद्रात साचून पुढच्या वेळी ते उघडणार नाही.

पेडल तरीही स्पंजासारखे लागले तर

सैल पेडलचे पहिले कारण उरलेली हवा हेच असते. पेडल दाबून सोडल्यावर ते अर्ध्यावरच थांबत असेल, तर पायाने वर उचलून वीस-तीस वेळा सावकाश चालवावे आणि पुन्हा चार-पाच फेऱ्या माराव्यात. तेवढ्यानेही भागले नाही, तर टाकी भरून, निप्पल उघडून, नळी बाटलीत खाली सोडून द्रव स्वतःच्या वजनाने ठिबकू द्यावा. या पद्धतीत बाटली निप्पलच्या खाली हवी, आणि दहा-पंधरा मिनिटे टाकीवरून नजर हलवू नये.

हवा हट्टी असेल, तर तिला तिच्याच वाटेने, म्हणजे खालून वर न्यावे. टाकीतले ऑइल अर्ध्यावर आणावे, दुसरी कोरी सिरिंज ताज्या ऑइलने भरून नळीतली हवा आधी काढावी आणि ती निप्पलला जोडून ऑइल अगदी हळू आत ढकलावे. टाकीत बुडबुडे उठताना दिसतात. टाकी ओसंडणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. ही पद्धत सुरुवातीलाच वापरू नये, कारण त्यामुळे स्लेव्हमधला गाळ मास्टरमध्ये जाऊन बसतो. खाली स्वच्छ ऑइल आल्यानंतरच तिचा उपयोग आहे. सिरिंजने खालून ऑइल ओढून काढण्याचा सल्लाही दिला जातो, पण ओढताना निप्पलच्या आट्यांतून बाहेरची हवा नळीत येते आणि आत हवा नसतानाही बुडबुडे दिसत राहतात. नवखा माणूस मग दिवसभर त्या खोट्या बुडबुड्यांच्या मागे लागतो.

निप्पलला हात पोहोचावा म्हणून काहीजण स्लेव्ह सिलेंडर सोडवून बाहेर काढतात. बाहेर काढलेल्या स्थितीत पेडलला कोणीही हात लावू नये. पिस्टन अडवायला समोर काहीच नसल्याने तो सिलेंडरमधून निघून येतो. हे सारे करूनही पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जात राहिले आणि बाहेर कुठेही ओल नसेल, तर मास्टरच्या आतले सील द्रव मागे सोडत आहे, असे समजावे.

चाचणी आणि नंतरचे

टाकी खुणेपर्यंत भरून झाकण लावावे. टाकी ब्रेकशी सामाईक असेल, तर गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक पेडल दाबून पाहावे. ते नेहमीसारखे कडक आणि उंच लागले पाहिजे. काम चालू असताना पातळी तळापर्यंत गेली असेल आणि ब्रेक पेडल थोडेही मऊ लागत असेल, तर गाडी जागेवरच ठेवावी आणि मिस्तरीला बोलावून चारही चाकांच्या ब्रेकची हवा काढून घ्यावी.

त्यानंतर हँडब्रेक ओढलेला ठेवून, समोर आणि मागे मोकळी जागा पाहून इंजिन सुरू करावे. क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबावे आणि रिव्हर्स गिअर टाकावा. तो आवाज न करता पडला, की क्लच पूर्ण सुटतो आहे. आधी गल्लीत, मग मोकळ्या रस्त्यावर पाच-सात किलोमीटर चालवून पुन्हा पातळी आणि निप्पल पाहावे. त्याच दिवशी लळिंग किंवा कोंडाईबारीचा घाट गाठण्याची घाई करू नये. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवून द्यावा. सकाळी तो कोरडा असला, की जोडण्या घट्ट आहेत.

जुने ऑइल गटारात, शेताच्या बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नये आणि इंजिनच्या जुन्या ऑइलमध्येही मिसळू नये. ‘विष’ लिहिलेली तीच बाटली छिद्राचे झाकण बदलून घट्ट बंद करावी, मुलांच्या आणि गुराढोरांच्या आवाक्याबाहेर ठेवावी आणि वापरलेले द्रव गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावी. डब्यात उरलेले ताजे ऑइल पुढच्या वेळेसाठी जपून न ठेवता तेही तिथेच द्यावे. बदलाची तारीख आणि किलोमीटरचा आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून ती चिकटपट्टीने बोनेटच्या आतल्या बाजूला लावावी. टाकीच्या झाकणावर पेनाने लिहिलेली तारीख टिकत नाही. ऑइलचा एक थेंब ती पुसून टाकतो.